नऊ वर्षांचा अंगठा

त्या साली गारिसाच्या पलीकडे
शेवटची शेळी बाभळीखाली बसली ती उठलीच नाही.
तेव्हा आईनं हाबोनचं बोट धरलं
आणि तिला दादाबच्या छावणीत नेलं,
जिथं सीमेपलीकडून आलेल्यांना धान्य मिळत होतं.
आपण अलीकडचेच, हे आई बोलली नाही.
कुणी विचारलंही नाही.

काचेवर अंगठा ठेव, म्हणाला एक माणूस.
काच गार होती.
चार तास उन्हात काढल्यावर
एवढं गार काहीतरी हाताला लागलं
म्हणून ती हसली.
मग मका, पिवळे वाटाणे, तेलाचा डबा.
धाकटा लिबान तापानं फणफणला होता,
मावशीकडे झोपून राहिला,
रांगेत आला नाही.
एवढाच फरक.

आता ती चोवीसची.
ओळखपत्राच्या कचेरीत साहेब म्हणतो, पुन्हा दाब.
पुन्हा दाबते.
पडद्यावर तेच: निर्वासित.
ती म्हणते, मी इथंच जन्मले, त्या दवाखान्यात,
तो बघा, खिडकीतून दिसतो, निळ्या पत्र्याचा.
साहेब खिडकीकडे बघत नाही.
हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणणाऱ्यांनी
हे यंत्र पाहिलेलं नसणार.
इथं हात खोटा, आरसा खरा.

लिबानकडे कार्ड आहे.
त्याच्या तापाला मिळालं ते, असं ती म्हणते, हसत नाही.
तिच्या फोनमधलं सिम लिबानच्या नावाचं,
तिच्या शिवणाचे पैसे लिबानच्या नावावर.
रात्री तो सांगतो, तुझे आठशे आले,
आणि ओशाळतो,
जणू त्यानंच कुणाचे तरी उचललेत.
ताना नदीच्या पुलावर पोलीस बस थांबवतात.
पुलापलीकडे नैरोबीचा रस्ता,
त्या रस्त्यावर नर्सिंगचं कॉलेज,
जिथं तिचं नाव यादीत लागलं होतं. दोनदा.

एकदा तिनं अंगठा विटेवर घासला.
वर लिंबू. वर मीठ.
आठ दिवस अंजेरोचा तुकडा मोडता येईना.
नवव्या दिवशी रेषा परत उगवल्या
त्याच वळणांनी,
हट्टी गवतासारख्या.

मुएनी नावाची वकील येते, धुळीनं माखलेली फाइल घेऊन.
कचेरीला लिहून विचारते:
हा अंगठा आता कुठं राहतो?
कुणाकुणाला दाखवलात?
लेकराचा होता, त्याला विचारलं होतं का?
चुकलेलं पुसायचं कुणी?
चार महिन्यांनी उत्तर येतं, एका ओळीचं:
माहिती सुरक्षित आहे.

सुरक्षित.
हाबोन तो शब्द दोनदा वाचते.
म्हणजे कुठल्यातरी थंड खोलीत
नऊ वर्षांची एक पोर अजून रांगेत उभी आहे,
वाढत नाही, दमत नाही,
पुकारा झाला की मुकाट्यानं अंगठा पुढं करते,
आणि तिच्या शब्दापुढं
बाहेरच्या या मोठ्या बाईचं काही चालत नाही.

आई या विषयावर बोलत नसे.
एका रात्री चूल विझवता विझवता म्हणाली,
मी पोट बघितलं गं, बोट नाही बघितलं.
हाबोन म्हणाली, मका गोड होता.
खरं तर त्याला कीड लागलेली होती,
दोघींनाही आठवत होतं.

सोमवारी कोर्टात अर्ज.
कारकुनानं सवयीनं शाईचं पॅड पुढं सरकवलं,
अंगठा इथं.
हाबोननं पॅडचं झाकण लावलं.
ते नीट बसेना, दोनदा दाबावं लागलं.
मग पेन मागितलं.
नाव लांब, वडील आणि आजोबा धरून:
हाबोन वारसमे गुलेद.
चौकट छोटी होती.
गुलेद चौकटीबाहेर गेला,
तिनं तो तसाच पूर्ण लिहिला.