रीडिंग

पाचगणीत भाद्रपदात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
छत्रीचं पाणी झटकत मी
सिल्व्हर ओकच्या रांगेमागच्या त्या देवळाशी आलो.
इथली ख्रिस्ती माणसं त्याला देऊळच म्हणतात.
आमच्या यादीत नुसता ग्राहक क्रमांक.

देवदान उबाळे आजारी, वाईला लेकीकडे.
किल्ली जिरेनियमच्या कुंडीखाली.
एकट्यानं उघडायची माझी ही पहिलीच वेळ.
दर खेपेला तो पुढे असायचा, खोकत,
"साहेब, डोकं सांभाळा," म्हणत,
जिथे डोक्याला लागेल असं काहीच नाही
तिथे.

आत उजेड होता म्हणावं तर नव्हता.
रंगीत काचांतून जे काय येत होतं
ते ताकाच्या निवळीसारखं पातळ,
बाकांच्या पाठींवर जेमतेम टेकलेलं.
जुन्या मेणाचा वास, ओल्या गालिच्याचा,
आणि त्याखाली आणखी एक, ओळखीचा,
ज्याचं नाव मला शेवटपर्यंत आठवलं नाही.

मीटर डाव्या हाताला, घंटेच्या दोरीमागे.
जुनं, चकतीचं. तीन वर्षं बदलायचं राहिलंय.
मेन स्विच खाली ओढलेला.
चकती फिरत होती.

सावकाश. लाल खूण यायची, जायची,
कुणी झोपेत कूस बदलावी तशी.
पुन्हा स्विच बघितला. खालीच.
एकोणीस वर्षं झाली या कामाला,
मला गळती कळते, तारेवर टाकलेला आकडा कळतो,
कुणाच्या घरी कोण खोटं बोलतंय तेही.
पंखे मोजले. बल्ब मोजले. सगळे गप्प.

"कोण आहे?" मी म्हणालो.
कमान जराशी थांबली,
मग "आहे" एवढंच परत दिलं.

वळलो, तर फरशीवर माझी ओली पावलं.
दारापासून मीटरपर्यंत, ठीक.
मीटरपासून मधल्या वाटेनं वेदीच्या कठड्यापर्यंत,
आणि तिथे दोन्ही शेजारी शेजारी,
थोडा वेळ कुणी उभं राहिल्यासारखी.
माझेच बूट. उजव्या टाचेचा तुटका कोपरा माझाच.
मी तिथवर गेलो नव्हतो.
तिथून परत आलेलं एकही पाऊल नव्हतं.

घाईनं आकडे उतरवले, कुलूप लावलं,
ओढून बघितलं, दोनदा.
बाजारात कणसं भाजणारी बाई म्हणाली,
"मयताला गेलतासा का कुणाच्या?"
कणीस घेतलं. हातातच गार झालं.

ऑफिसात बनसोडे मॅडमनी चष्मा वर केला.
"पाच आकडी मीटरचं सात आकडी रीडिंग?
डुलकी लागलेली का हो तिथं?"
वही बघितली. अक्षर माझं, जरा तिरकं:
१४२, ९, ३०७.

ते मीटरचे नव्हते. फळ्यावरचे होते,
रविवारी कुठली गीतं म्हणायची त्यांचे.
फळा आहे वेदीशेजारच्या खांबामागे.
दारातून दिसत नाही.
मीटरपाशी उभं राहून तर नाहीच.
दिसतो फक्त
कठड्याला टेकून उभं राहिलं तर.

"सरासरी लावा," मी म्हणालो.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: दार बंद.
त्याला कोड आहे. कुत्रं आहे, यालासुद्धा आहे.
आत कुणी नव्हतं, याला नाही.
आत मी होतो,
यालाही.