सहा महिन्यांनंतरचा फॉर्म

"दहापैकी किती दुखतंय, वाघचौरे काका?"
रसिका पेन उघडून बसलीय.

आधीचं सांगतो, पोरी:
दांडेकर पुलापासून हिंगण्यापर्यंत
गतिरोधक अकरा.
अकराही कंबरेला तोंडपाठ.
सातव्यावर एकदा काजवे चमकले डोळ्यांपुढे,
रिक्षा कडेला घेतली,
तर मागची पोटुशी बाईच म्हणाली,
दादा, टेका जरा.

मग एरंडवण्यात चार स्क्रू, दोन सळ्या.
एक्स-रेत दिसतात,
गॅरेजवाल्या इब्राहिमनं बसवल्यासारख्या,
एका रेषेत.

आता रिक्षा पुतण्या चालवतो.
मी सकाळी कालव्याच्या कडेनं चालतो
चौथ्या बाकापर्यंत. पाचवा अजून लांब.
रात्री कूस बदलतो, न ओरडता,
म्हणून बायको दचकून जागी होते.
डाव्या अंगठ्याला चप्पल कळत नाही;
परवा सुटली कुठंतरी,
मागून येणाऱ्या पोरानं आणून दिली.

हे कुठल्या आकड्यात बसवशील?

ती थांबली. मग म्हणाली, "तीन लिहू?"

लिही तीन.
काल नातीला उचललं
त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही, बरंय.
तेरा किलोची आहे.
डॉक्टरांना सांगू नकोस.