पातळी तीन

दुकानदार म्हणाला, वेदना नाही हो, नुसती जाणीव.
काउंटरवर माशांचं खाद्य, पोपटाचे पिंजरे,
आणि हा पट्टा : काळा, आतून दोन पितळी दात,
एक ते सात पातळ्या.
मोठ्या कुत्र्याला तीनपासून सुरू करा.
मी सुटे पैसे दिले.
पावती नको म्हटलं.

बुंदी नाव ठेवलं तेव्हा ती ओंजळीत मावायची.
आता अठ्ठावन्न किलो.
सोफ्यावर ती, खाली सतरंजीवर मी.
मी ऑफिसला गेल्यावर ती काय करते
हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या रेश्मा बनकरने मोबाइल पुढे केला.
ससूनला रात्रपाळी, सकाळी नऊला धायरीत घरी,
केसांना अजून डेटॉलचा वास.
भांडायला नाही आले, मॅडम. फक्त ऐका.
एक्केचाळीस मिनिटं.
भुंकणं, मग थांबणं.
थांबण्यात कान टवकारल्याचा आवाज असतो,
मला तो आला.
मग पुन्हा भुंकणं,
जिन्यात उभं राहून कुणाला हाक मारावी
आणि वरून 'ओ' येण्याची वाट बघावी, तसं.

काल सलाइन लावताना माझा हात थरथरला,
रेश्मा म्हणाली.
यावर मला काही बोलता आलं नाही.

त्या रात्री न्हाणीघराची कडी लावून
पट्टा आधी माझ्याच गळ्यात बांधला.
अकरा वर्षं मोकळा गळा,
पट्ट्याचं शेवटचं भोकही सैल होत होतं.
भुंकायचं कसं?
पहिल्यांदा खोकलाच आला.
दुसऱ्यांदा 'अहो' असं काहीतरी.
तिसऱ्यांदा पट्ट्याला पटलं.
गॅसच्या लायटरची ठिणगी, पण आत.
दुकानदार खरं बोलला होता, वेदना नव्हती.
फक्त त्यानंतर जे म्हणायचं होतं
ते कुठे गेलं, कळेना.

तरी सोमवारी तो तिला घातला.
हे लिहायलाच हवं. घातला.

तीन आठवडे इमारत गाढ झोपली.
रेश्माने डबाभर शेंगदाण्याची चटणी पाठवली.
सेक्रेटरी ओझरकर लिफ्टमध्ये म्हणाले, काय म्हणताय,
चार वर्षांत पहिल्यांदा.
बुंदी दारापाशी बसून राहायची
वजन ठेवल्यासारखी.

मग एका बुधवारी रात्री पट्टा काढायचा राहिला.
दोनच्या सुमाराला तिचे पाय धावायला लागले,
झोपेतच, फरशीवर नखांची टिकटिक,
आणि ओठांच्या आतल्या आत
एक एवढंसं भुंकणं सुटलं.
बीप.
ती जागी झाली.
तिने दाराकडे पाहिलं नाही, खिडकीकडे नाही.
माझ्याकडे पाहिलं.

केसांखाली दोन ठिपके होते. खोबरेल लावलं.
पट्टा ड्रॉवरमध्ये, उडालेल्या बल्बांच्या शेजारी;
त्याचा हिरवा दिवा अजून मधूनमधून लुकलुकतो.

पण आता ती भुंकत नाही.
सिलिंडरवाला आला, बेल वाजली.
नदीकाठी ढोलांचा सराव सुरू झाला,
काचा थरथरल्या.
ती मान वळवून माझ्याकडे बघते,
रजेचा अर्ज घेऊन साहेबाच्या टेबलाशी उभं राहावं, तसं.
हो, मी म्हणते. भुंक ना.
तिला मराठी येतं, एवढं येत नाही.

रविवारी जेवणं उरकल्यावर बाल्कनीत
मी गुडघ्यांवर बसले.
समोर सिंहगडावरचा लाल दिवा.
आधी खोकला. मग थोडं बरं.
मग असं आलं
की खालचा वॉचमन खुर्चीतून उठला.

वरचा दिवा लागला. रेश्माची सुट्टी होती.
मॅडम? बुंदी का?
नाही, म्हटलं. मीच.

वर बराच वेळ काही नाही.
इकडे शेपटी वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर
एकदा आपटली.
एकदाच.