देखभाल-दुरुस्ती

मी हिशेब ठेवते. नेब्रास्कात, केअर्नी गावाबाहेर,
क्युबिचेक ट्रकिंगच्या पत्र्याच्या ऑफिसात.
बावीस ट्रक, एकतीस ड्रायव्हर,
आणि विमा उतरवायला कुणी धजणार नाही
असं एक कॉफीचं यंत्र.

आकडा खोटं बोलत नाही, म्हणायचे आमचे बाबा,
इचलकरंजीच्या सूतगिरणीतले मुनीम.
बोलत नाही, खरंय.
पण पुष्कळदा गप्प बसतो.

जानेवारीतल्या एका पहाटे व्हर्लिन हॉस्टेटलर
टॉर्च घेऊन ट्रकभोवती फिरत होता,
हातोडीनं एकेक टायर ठोकत,
बाजारात कलिंगड ठोकून बघावं तसा.
तेराव्यापाशी थांबला. पुन्हा ठोकला.
आत आला, हातमोजेही न काढता म्हणाला,
"आवाज आवडला नाही मला."

बस्स. एवढंच कारण.
ट्रकमध्ये चाळीस हजार पौंड मांस, डेन्व्हरला जायचं.
प्लांटचा माणूस फोनवर असा काही तापला
की मी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला.
लॉरेननं तो माझ्या हातून घेतला, सगळं ऐकून घेतलं,
म्हणाली, "ट्रक उभा आहे. उभाच राहील."
तीन हजार दोनशे डॉलर. लाल शाईनं लिहिले मी.

दुपारी टायर उतरवला. आतून बाहेरून पाहिला.
काहीही नव्हतं त्यात.

आता आवाज चढणार, म्हणून मी खाली मान घालून बसले.
लॉरेन कोलाचीचा डबा घेऊन आली,
जर्दाळूची कोलाची व्हर्लिनपुढे सरकवली, म्हणाली,
"उद्याही ठोक."

मला कळेना, हा कुठला धंदा.

मग जुन्या वह्या लावताना एक पान सापडलं.
क्रेन. वकील. कोर्ट. पुन्हा वकील.
फुलं, एकशे चाळीस डॉलर.
लॉरेन दारातच उभी होती.
"ऑरिन श्लेके," ती म्हणाली. "लेक्सिंग्टनच्या पुढे उलटला.
डोळे मिटतायत म्हणून त्यानं फोन केला होता.
रात्रीच्या फोनवर मी होते.
मी म्हटलं, आलंच की आता, पस्तीस मैल."
आणि वही माझ्या हातातून घेऊन
तिनंच ती फळीवर नीट लावली.

मार्चमध्ये विम्याचा माणूस आला ओमाहाहून.
रोजच्या तपासणीचे कागद चाळता चाळता
त्याची कॉफी निवून गेली (बरंच झालं).
हप्ता अकरा टक्क्यांनी उतरला.
'ड्रायव्हर पाहिजेत' ही जाहिरात
दोन वर्षांत द्यावी लागलेली नाही.
जसकरनला मोठ्या कंपनीनं मैलामागे चार सेंट जास्त देऊ केले,
तो गेला नाही. विचारलं तर म्हणाला,
"तिथे झोप येते म्हणायची सोय नाही, दीदी."
आणि मांसवाला? एप्रिलात परत आला,
त्याच आवाजात, फक्त दोन पट्ट्या खाली.
दुसऱ्या कुणीतरी त्याचा माल खंदकात नेऊन घातला होता.

हे सगळं जमेला धरलं मी. धरता येतं.
पण जो घरी पोचला, बूट काढले,
बायकोशी मीठ जास्त पडलं म्हणून भांडला,
त्याची पावती कुणाकडून फाडून घ्यायची?

परवा मंगळवारी रात्रीचा फोन माझ्याकडे होता.
बर्फ आडवं येत होतं. दीड वाजता जसकरन.
"लेक्सिंग्टनला आहे, दीदी. पापण्या जड झाल्यात.
पण पस्तीसच मैल आहेत—"
"थांब," मी म्हटलं.
म्हणजे, म्हणायच्या आधीच म्हटलं गेलं.

मोटेलचं बिल आलं, चौऱ्याहत्तर डॉलर.
प्रवासखर्चात टाकू? की किरकोळ?
पेन बराच वेळ हवेतच राहिलं.
शेवटी लिहिलं, देखभाल-दुरुस्ती,
ब्रेकचं तेल आणि वायपरच्या पात्यांच्या मध्ये.

महिनाअखेरीला लॉरेन वही तपासत होती.
तिची पेन्सिल त्या ओळीवर थांबली.
मी कॉफीच्या यंत्राशी उगाच खटपट करत राहिले.
पान उलटल्याचा आवाज आला.