पाच कादंबऱ्या, एक मत

मी कॉफी चाखतो. म्हणजे खरं तर थुंकतो.
त्रिएस्तेच्या बंदरात, गोदाम नंबर सात,
रोज सकाळी साठ पेले, साठ भुरके,
आणि पितळी पिकदाणीत साठ पिचकाऱ्या.
गिळलं तर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.
एकतीस वर्षं शितावरूनच भात ओळखत आलो.

त्यामुळे वाचनालयाच्या फुल्वियाबाईंचं पत्र आलं,
'यंदाच्या पारितोषिकासाठी वाचक-परीक्षक म्हणून
आपली निवड झाली आहे',
तेव्हा म्हटलं, त्यात काय एवढं.
पहिली वीस पानं, मधली दहा, शेवटचं एक.
भुरका. थू.

पहिली कादंबरी गोदामातल्या काट्यावर ठेवली, सवयीने:
आठशे चाळीस ग्रॅम. युद्धाची.
प्रत्येक सेनापतीला बालपण होतं,
सैनिकांना नुसते नंबर.

दुसरीत पूर्णविराम नव्हता.
दोनशे बारा पानं, एकच वाक्य.
पंचाहत्तराव्या पानावर मी उठलो आणि
जिन्यात जाऊन श्वास घेऊन आलो.

प्रती कमी, वाचक चाळीस,
म्हणून पुस्तकं हातोहात फिरत होती.
तिसरी माझ्याकडे आली मासळीवाल्या नीवेसकडून.
अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वद ही पानं चिकटलेली,
सुरीने सोडवली तर आत माशाचा खवला,
नखाएवढा, दिव्याखाली जांभळा.
कादंबरीत एक प्राध्यापक स्वतःच्याच प्रेमात पडत होता.
खवला मी ठेवून घेतला.

चौथी अगदीच बारकी.
डोंगरातल्या कारखान्यात एक बाई बाटल्या धुते.
धुते, उपड्या ठेवते, घरी जाते.
एकसष्टाव्या पानावर एक बाटली
ती कानाला लावते.
काय ऐकू आलं, ते लिहिलेलं नाही.

त्या दिवशी बोरा सुटला होता.
हा वारा सुटला की आमच्याकडे चौकाचौकांत दोर बांधतात,
माणसं दोराला धरून रस्ता ओलांडतात,
टोप्या समुद्रात जातात.
गोदामाची दारं धडाधड वाजत होती,
माझ्या तोंडात इथिओपियाची नवी खेप,
आणि मी थुंकायचं विसरलो.
पुढचा पेलाही. त्याच्या पुढचाही.
अकराव्या पेल्याला लिव्हिओ म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?"

रात्रभर जागा. बाई बाटल्या धूत राहिली.
पहाटे संपवली, आणि पुन्हा
पहिल्या पानापासून सुरू केली.

पाचवी मी वाचली नाही.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.
मलपृष्ठ वाचलं, लेखकाचा फोटो पाहिला
(कान मोठे, स्वेटर उसना वाटावा असा),
आणि दहापैकी चार गुण दिले.
शून्य दिलं असतं तर संशय आला असता.

पाचवीलाच बक्षीस मिळालं.
नाट्यगृहात तो पोरगा माईकपाशी उभा राहिला,
घोट घोट पाणी पीत म्हणाला,
"शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत, त्या सगळ्यांचे आभार."
टाळ्या वाजवताना मी बुटांच्या नाड्या बघत होतो.

नंतर वाचली. विकत घेऊन, पूर्ण किमतीला.
शेवटच्या ओळीपर्यंत.
पंचाईत ही, की चांगली होती.

बाटल्यांच्या बाईला तीन मतं पडली.
एक माझं. एक नीवेसचं, ती म्हणाली तसं,
बांगडे कागदात बांधता बांधता, मान वर न करता.
तिसरं कुणाचं, फुल्वियाबाई सांगत नाहीत,
गुप्त मतदान आहे म्हणतात.

परवा पुन्हा बोरा सुटला.
चौकात दोराला आम्ही सात-आठ जण लोंबत होतो,
दंतवैद्य, दोन शाळकरी मुली, टपालवाला,
मी नाव न जाणणारी एक म्हातारी,
जिच्या पिशवीत रिकाम्या बाटल्या किणकिणत होत्या.
मी तिच्याकडे पाहिलं.
ती म्हणाली, "काय बघतोस? चल पुढे,
मागे माणसं खोळंबलीत."