उघाडी

सव्विसाव्या मजल्यावर राहायला आलो त्या संध्याकाळी
हे म्हणाले, आता बस.
खाडीकडे तोंड करून स्वतः खुर्ची मांडली,
चहा बशीत ओतला
आणि बशी तशीच हातात धरून
समोरच्या प्लॉटवरची क्रेन बघत राहिले.

प्लॉट यांनीच विकलेला.
साडेबारा टक्क्यांतला,
तिघा चुलत्यांच्या सह्या एका रात्रीत गोळा करून.
तिथे आता एकतीस मजले होणार.
बशीवर साय धरली.

नगरसेवक झाले तेव्हा कानांमागचा गुलाल मीच धुतला.
सभापती झाले तेव्हा गावच्या घराचं फाटक रुंद केलं,
गाडीसाठी नाही,
समोरच्या म्हात्र्यांचं रुंद होतं म्हणून.

झोपेत बोलतात.
कुठल्या बाईचं नाव असतं तर भांडले तरी असते.
हे चौरस फुटाचे दर बोलतात,
सीवूड्स, उलवे, करंजाडे,
जपमाळ ओढावी तसे,
आणि मेरुमणी आला की पुन्हा पहिल्यापासून.

सासरे मिठागरात होते.
लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात
त्यांनी मला बांधावर उभं करून दाखवलं,
भरती आली की उघाडी उघडायची,
कोंड्या भरल्या की फळी टाकायची.
"मंग काय करायचा नाय, पोरी.
पानी निजला की मीठ येतं.
उघाडी उघडीच ठेवलीस
त सगला दर्या येल न जाल,
चिमूटभर रवाचा नाय."
त्यांचा हसुराम तेव्हा बांधावर होता की नव्हता,
मला आठवत नाही.
असेल तर पलीकडच्याची कोंडी
किती पावलांची, ते मोजत असेल.

मिठागर आता भरावाखाली गेलं.
आई त्यांना हसू म्हणायची,
ती हाक मारणारंही कुणी उरलं नाही.
बाकी सगळे शेठ म्हणतात.

रात्री जिताड्याचं कालवण वाढलं.
पहिला घास घेऊन म्हणाले, कायतरी कमी आहे.
डॉक्टरांनी मीठ तोडलंय, कमी आहेच.
पण ही तक्रार डॉक्टरांच्या आधीची,
माझ्या हातची चव चांगली होती तेव्हाचीही.

मी बरणी पुढे सरकवली.
त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.
क्रेनच्या टोकावर तांबडा दिवा लागला होता,
कालच्यापेक्षा
एक मजला वर.