फॉर्म भरून मिळेल

सावळी फाट्यावर माझं सेवा केंद्र.
एक प्रिंटर, एक अंगठ्याचं मशीन,
अर्ध्यावर अडकणारं शटर. शेजारी पोहनकरांचं खताचं दुकान.
बोर्डावर लिहिलंय, येथे सर्व फॉर्म भरून मिळतील.
'सर्व' लिहिलं तेव्हा
दिग्रसच्या पुढचं जग मला ठाऊक नव्हतं.

दोन जानेवारी, सकाळचे सात.
गुल्हाने बाईंची भाची आली लॅपटॉप छातीशी धरून,
लग्नासाठी आलेली, कॅनडाची.
अंगात दोन स्वेटर. म्हटलं, तुले थंडी वाजते?
तिकडं तर बर्फ पडते म्हणतात.
"घरात नाही ना पडत," म्हणाली.

अमेरिकेतल्या कॉलेजचा फॉर्म.
शेवटची वेळ तिथल्या एक तारखेच्या रात्रीची, अकरा एकोणसाठ.
वहीच्या मागं हिशेब केला,
आपल्या साडेदहाला एक मिनिट कमी.
तिथला काल अजून शिल्लक होता.

नकाशात दोन्ही देश एका बांधाचे,
तरी तिच्या नावापुढं 'परदेशी'.
मला बरं वाटलं, काहून कोण जाणे.
पुढं एक चौकोन, पैशाची मदत पाहिजे का.
हो म्हटलं तर दार थोडं लोटून घेतात म्हणे.
कर्सर तिथं उभा राहिला,
तलाठ्याच्या उंबऱ्यावर माणूस उभा राहतो तसा.
बाप पोटॅशच्या खाणीत, एक किलोमीटर खाली.
मी भिंतीकडं बोट केलं. पोहनकरांकडं
तिच्या देशाचं नाव छापलेली पोती आहेत.
ती उठून गेली, बघून आली.
परतली तेव्हा बोटं लालसर.
त्याच बोटानं टिक केली.

मग ते आलं, जे माझ्या कुठल्याच फॉर्मात नाही.
तू कोण आहेस? साडेसहाशे शब्दांत सांग.

मी सातबारा काढलेत, नॉन-क्रिमिलेयर काढलेत,
जिवंत माणसं कागदावर पुन्हा जिवंत केलीत.
नाव, बापाचं नाव, आडनाव, जात, पोटजात,
एका ओळीत माणूस संपतो आमच्याकडं.
लाल चांदणीचे रकाने भरले की पुढं जा.

तिचे सहाशे एकसष्ट झाले होते.
साडेनऊला लाईन गेली. इन्व्हर्टर कण्हला.
"दादा, 'खूप खोल पाणी' याला एकच शब्द सांगा ना."
"डोह."
ती हसली. इंग्रजीत डोह बसत नव्हता.
मग तिनं बारा शब्दांचं एक वाक्य उचललं
आणि पुसून टाकलं. त्यात मी होतो.
इंग्रजी येत नसलं तरी आपलं नाव ओळखू येतं.
सहाशे एकोणपन्नास.

दहा सव्वीसला बटण दाबलं.
चकली फिरत राहिली, फिरत राहिली,
मग पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले,
परवाच्या वरातीसारखे.
"झालं?"
"हो."
"निकाल?"
"मार्चअखेर."
म्हटलं, आमचंबी सगळं मार्चअखेरच असते.

किती झाले, तिनं विचारलं.
दरपत्रक पाहिलं. पीकविमा, पॅन, आधारवरचा पत्ता.
आपण कोण ते सांगायचा दर नव्हता.
दोन पानं छापली होती, वीस घेतले.

दुपारी कोणी नव्हतं. कोरं पान उघडलं.
मी मुरलीधर, एवढं टाईप केलं,
पुढं बापाचं नाव बोटांतून आपोआप आलं.
खाली कोपऱ्यात आकडा थांबला, तीन.

तेवढ्यात साखराबाई, निराधारची केवायसी.
अंगठा उमटेना. कापूस वेचून वेचून रेषा गेलेल्या.
ओला करून पाहिला, पदरानं पुसून पाहिला,
"मीच होय न बाप्पा," म्हणाली मशीनला.
चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला.